मेशी (चित्रपट)

मेशी हा मिकिओ नारुसे दिग्दर्शित जपानी चित्रपट १९५१ मध्ये प्रदर्शित झाला. मेशी म्हणजे शिजवलेला भात, बोलीत जेवणही.

ओसाकातील गृहिणी मिचियो (सेत्सुको हारा) हिचे दिवस स्वयंपाकघरातच सरतात. पती हात्सुनोसुके (केन उएहारा) दुष्ट नाही. भूक लागली, एवढेच तो बोलतो. त्याची पुतणी सातोको घरातून पळून त्यांच्याकडे येते आणि दांपत्यातील दुरावा उघडा पडतो. मिचियो तोक्योला माहेरी निघून जाते.

ज्या कादंबरीवर चित्रपट बेतला आहे, ती 'असाही' वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच लेखिका फुमिको हायाशी यांचे जून १९५१ मध्ये निधन झाले आणि कथा अपुरी राहिली. त्यामुळे शेवट पटकथाकार तोशिरो इदे व सुमिए तानाका यांच्या पटकथेतून आला. मिचियो पतीसमवेत परत निघते. आगगाडीत तो झोपलेला असताना त्याला लिहिलेले पत्र फाडून खिडकीबाहेर टाकते. त्यावरील निवेदन स्त्रीच्या सुखाविषयी समाधानाने बोलते. पडद्यावरील फाटलेले पत्र मात्र त्याला पुरती साथ देत नाही. हायाशी यांनी मिचियोला परत पाठवले असते का, हे कादंबरीवरून ठरवता येत नाही.

नारुसे यांनी पुढे हायाशींच्या साहित्यावर आणखी पाच चित्रपट केले. त्यांपैकी 'उकिगुमो' (१९५५) सर्वाधिक गाजला.