सगळा पत्रा झाकल्याने केबिन शांत होत नाही

पिकअपच्या केबिनमध्ये फार आवाज येतो, अशी तक्रार घेऊन ॲक्सेसरीच्या दुकानात गेले की उत्तर ठरलेले असते. दरवाजे, फ्लोअर, छत, मागची भिंत असा सगळा पत्रा बुटाइलच्या डॅम्पिंग शीटने झाका. एका थराने भागले नाही तर दुसरा लावा. पुरावाही जागेवर मिळतो. उघड्या पत्र्यावर टिचकी मारली की तो टणटणतो, शीट लावलेला पत्रा ठप्प वाजतो. पूर्वपक्ष इतका सरळ असल्यामुळे गिऱ्हाईक पैसे मोजते. रात्रभर भाजी घेऊन नाशिकहून वाशीला जाणाऱ्या ड्रायव्हरच्या कानातला घुमारा मात्र फारसा हटत नाही.

टिचकीचा प्रयोग खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. डॅम्पिंग शीट पत्र्याची स्वतःची थरथर मारते. पातळ पत्र्यावर चिकटवलेल्या थराने ही थरथर कशी शमते, याचे गणित हर्मान ओबर्स्ट यांनी १९५२ मध्ये मांडले. चिकट थरावर ताठ आवरण दिले की तो पत्रा आणि आवरण यांच्यामध्ये ताणला जाऊन कंपनाची उष्णता करतो, याचे विश्लेषण एडवर्ड कर्विन यांनी १९५९ मध्ये केले. शीटवरचे ॲल्युमिनियम त्यासाठीच असते. पण घणघणणाऱ्या घंटेला हात लावला की तिचा नाद थांबतो, बाहेरचा ढोल ऐकू यायचा थांबत नाही. थरथर मारणे वेगळे आणि बाहेरचा आवाज अडवणे वेगळे.

अडवायला लागते वजन. भिंतीचे दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबल जास्त अडतात. ०.८ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला साधारण ६.३ किलो असते. त्यावर ३ किलोची शीट पूर्ण पसरली तरी हिशेबाने जेमतेम साडेतीन डेसिबल पदरात पडतात. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला मात्र सुमारे १० डेसिबलची घट लागते. उलट थरथर मारण्यासाठी सगळा पत्रा झाकावाच लागत नाही. मोठ्या सपाट पत्र्याचा मधला पाव ते तृतीयांश भाग झाकला की बहुतेक लाभ मिळून जातो. उरलेल्या शीटचे पैसे गेले, गाडीचे वजन तेवढे वाढले.

त्याहून मोठी गफलत फटींची आहे. समजा, एखादी भिंत ३० डेसिबल अडवते. तिच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली, तर ती २० डेसिबलही अडवू शकत नाही. मग भिंतीचे वजन दुप्पट करा. अर्ध्या डेसिबलचीही भर पडणार नाही. जुन्या पिकअपमध्ये दाराचे रबर चपटे झालेले असते, इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीतून, म्हणजे फायरवॉलमधून, वायरिंग जाते तिथली रबरी कडी (ग्रोमेट) फाटलेली असते, गिअर लिव्हरचा बूट चिरलेला असतो. पत्रा कितीही जाड करा, आवाज या वाटांनी आत येतोच.

आणि घुमारा? चार सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेताना त्याचे ठोके सेकंदाला ८० पडतात. ८० हर्ट्झच्या लहरीचा चतुर्थांशच मीटरभर लांब असतो. तिला १० मिलिमीटरचा फोम शोषू शकत नाही. शिवाय या घुमाऱ्याचा बराच भाग इंजिन माउंटिंग, चासी आणि केबिनखालचे रबर बुश यांतून आत शिरतो. थकलेले माउंटिंग तसेच ठेवून छताला शीट लावणे म्हणजे रोगाऐवजी लक्षणावर खर्च करणे.

यावर दोन आक्षेप येतात. शीट लावणाऱ्यांना फरक जाणवतो, हा पहिला. जाणवतोच, कारण पत्र्याची खडखड जाते. तेवढे श्रेय शीटला दिलेच पाहिजे. गाडी बनवणारेही डॅम्पिंग वापरतात, हा दुसरा. वापरतात, पण मोजून, थरथरणाऱ्या जागी तुकडे लावून. फायरवॉलवर ते फेल्ट किंवा फोम आणि त्यावर जड थर अशी जोडी बसवतात. मधला मऊ थर स्प्रिंगसारखे काम करतो, म्हणून तेवढ्याच वजनात जास्त आवाज अडतो.

तेव्हा क्रम उलटा हवा. आधी फाळक्याची खडखड, टायर, माउंटिंग आणि बुश तपासा. मग फटी बुजवा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा; ती सहज ओढता आली तर तिथले रबर गेलेले आहे. दारातली पाणी निचरण्याची भोके आणि केबिनमधली हवा बाहेर जाण्याच्या झडपा मात्र मोकळ्याच ठेवा, नाहीतर दार गंजेल आणि हवा कोंडेल. त्यानंतर मोठ्या पत्र्यांच्या मधोमध डॅम्पिंगचे तुकडे, आणि फ्लोअर व फायरवॉलवर फोमसह चौरस मीटरला ५ किलोच्या आसपासचा जड थर, सलग, सांध्याला सांधा जुळवून. जाड फेल्ट शेवटी.

काम झाले की नाही हे रस्त्यावर ठरवा. तोच रस्ता, तोच वेग, काचा बंद, कामाआधी आणि कामानंतर. ध्वनिमापकावर मोजणी ए भारांकनासोबत (ए-वेटिंग) सी भारांकनानेही घ्या, कारण ए भारांकन खोल आवाजाला फार कमी धरते आणि घुमाऱ्याला जवळपास मोजतच नाही. रोजची कमाई या केबिनमध्ये बसून मिळवणाऱ्याला किती चौरस फूट शीट लागली याचे बिल नव्हे, किती डेसिबल उतरले याचा हिशेब मिळाला पाहिजे. तो मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.