पावती कोणाच्या नावावर?

1947. पुण्याहून मीटरगेजची गाडी तुम्हाला मिरजेला आणून सोडते. कपड्यांवर कोळशाची भुकटी. शेजारच्या सांगलीत अजून पटवर्धनांचं संस्थान आहे आणि धोंडूमामा साठ्यांनी नुकतंच न्यू इंजिनीअरिंग कॉलेज काढलंय. मुंबई विद्यापीठाशी संलग्न, शाखा एकच: सिव्हिल.

सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला तुमच्या हातात शंभर कड्यांची लोखंडी साखळी येते. दर दहा कड्यांवर पितळी बिल्ला. त्याचे दात मोजायचे. खुणा दोन्ही टोकांकडून सुरू होतात, त्यामुळे चाळीस आणि साठचा बिल्ला हुबेहूब सारखा. तुम्ही गफलत करता आणि कागदावर कुणाचा तरी बांध वीस कड्यांनी सरकतो. मास्तर पुन्हा उन्हात पिटाळतात.

आठ वर्षं पुढे या. वालचंद हिराचंद जाऊन दोन वर्षं झालीत. बोटी, विमानं, मोटारी अशा सगळ्या उद्योगांत उडी घेणाऱ्या या सोलापूरकराच्या कुटुंबाने कॉलेजला भरघोस देणगी दिलीय. राज्य आणि केंद्र सरकारने त्यात भर घातलीय. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल सुरू होतं, पाटी बदलते: वालचंद कॉलेज. वर्कशॉपमध्ये तुम्ही लोखंडाच्या तुकड्यावर कानस चालवता, गुण्या लावून उजेडाची फट बघता. कॉलेज खासगी, पण उभारणीचा भार उद्योगपती आणि सरकार यांच्या खांद्यावर.

1983. मुख्यमंत्री सांगलीचेच, वसंतदादा पाटील. ऐपतवाल्यांची पोरं कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठीची जादा रक्कम, भरून कर्नाटकात जातात. मग आपल्याकडेच कॉलेजं काढा, सरकार अनुदान देणार नाही, असा निर्णय होतो. पुण्यात एमआयटी, कोल्हापुरात केआयटी, इस्लामपूरजवळ साखराळ्याला आणखी एक. सगळी त्याच वर्षीची. तुमचे वडील म्हणतात, ‘‘रान गहाण पडलं तरी चालंल, पोरगं इंजिनीअर झालं पायजे.’’ उभारणीचा भार आता त्यांच्या खांद्यावर. 1987 मध्ये कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा येतो; पावतीवरचा आकडा आणि दिलेला आकडा यांतल्या अंतराची कुजबुज थांबत नाही.

1993. सर्वोच्च न्यायालयाचा उन्नीकृष्णन निकाल. खासगी कॉलेजांत निम्म्या जागा ‘फ्री’, निम्म्या ‘पेमेंट’. तुम्हाला मार्कांवर फ्री सीट मिळते. शेजारच्या बाकावरचा पेमेंटवाला कितीतरी पट भरतो. एकच फळा, एकच सर, आणि तुमच्या फीचा वाटा त्याच्या बापाच्या खिशातून. मेसमध्ये तो हे थट्टेत बोलून दाखवतो, तुम्ही वरणात भात कालवत राहता. 2002 मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात न्यायालय ही व्यवस्थाच मोडीत काढतं.

2024. आता तुम्ही मुलगी आहात. कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीच्या, ऑप्शन फॉर्मवर कॉलेजांचा क्रम लावताय. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, प्रवर्ग ओबीसी. त्यामुळे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरणार. ज्या खासगी कॉलेजांना अनुदान मिळणार नाही या अटीवर परवानगी मिळाली होती, त्यांच्याकडे तुमच्यासारख्या मुलींची फी आता सरकारी तिजोरीतून जाते.

खासगी कॉलेजची स्मरणिका हाती आली, तर संस्थापकाच्या फोटोपाशी फार रेंगाळू नका. त्या त्या वर्षी पैसे कोणी भरले ते शोधा. वर्गात कोण बसलं आणि कोण बाहेर राहिलं, हे बरंचसं त्यावरूनच ठरलंय.