यवतमाळहून दिल्ली दर्शन: राष्ट्रपती भवन, संसद आणि इतर ठिकाणांचं ऑनलाइन बुकिंग कसं करायचं? संपूर्ण माहिती

दिल्लीला फिरायला जायचं म्हटलं की आपण सगळ्यात आधी काय करतो? रेल्वेचं तिकीट काढतो. मीही तेच केलं होतं आणि तिथेच चुकलो.

माझे काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पुस्तकातलं राष्ट्रपती भवनाचं चित्र दाखवून त्यांनी वर्षानुवर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण स्वतः ते कधी पाहिलं नव्हतं. त्यांना घेऊन मी निघालो. गाडी रविवारी दुपारी दिल्लीत पोचली आणि परतीचं तिकीट मंगळवारी सकाळचं होतं. म्हणजे फिरायला पूर्ण दिवस एकच, सोमवार. आणि सोमवारी राष्ट्रपती भवन बंद, लाल किल्ला बंद, संग्रहालयंही बंद! आम्ही लोखंडी गेटच्या बाहेरून फोटो काढला. काका मला म्हणाले, "जाऊ दे बाबू, गेट तं पाह्यलं ना आपण." त्यांनी समजून घेतलं, पण चूक माझीच होती. दिल्लीच्या वेबसाइटवर पाच मिनिटांत दिसणारी गोष्ट मी बघितली नव्हती.

पुढच्या वेळी सगळं उलट क्रमाने केलं आणि ट्रिप व्यवस्थित झाली. तोच क्रम या लेखात सांगतो.

1. आधी वार ठरवा, मग तारीख

दिल्लीतल्या ठिकाणांचे साप्ताहिक सुट्टीचे दिवस असे आहेत:

- सोमवारी बंद: राष्ट्रपती भवन (संग्रहालय आणि अमृत उद्यानासह), लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, तीन मूर्ती भवनातलं प्रधानमंत्री संग्रहालय, गांधी स्मृती.
- सोमवारीही सुरू: कुतुब मिनार, हुमायूनची कबर, इंडिया गेट, राष्ट्रीय युद्ध स्मारक, बंगला साहिब गुरुद्वारा.

म्हणजे ट्रिपमध्ये सोमवार आलाच तर घाबरू नका. तो दिवस कुतुब मिनार आणि हुमायूनच्या कबरीसाठी ठेवा. सरकारी इमारती मात्र मंगळवार ते रविवारमध्येच बसवा.

वर्षातले दोन काळ जपून निवडा. 26 जानेवारीच्या आधी कर्तव्य पथावर संचलनाची तालीम चालते, त्यामुळे रस्ते आणि बऱ्याच जागा बंद असतात. 15 ऑगस्टच्या तयारीसाठी लाल किल्लाही आधीपासून पर्यटकांना बंद ठेवतात. संचलनच बघायचं असेल तर गोष्ट वेगळी. त्याची तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या 'आमंत्रण' पोर्टलवर मिळतात.

2. राष्ट्रपती भवन: तीन वेगळे भाग, तीन वेगळी बुकिंग

इथे बरेच जण गोंधळतात. राष्ट्रपती भवनाच्या पोर्टलवर तीन सर्किट दिसतात:

- सर्किट 1: मुख्य इमारत. 340 खोल्यांची ही वास्तू एडविन ल्यूटन्स याने व्हाइसरॉयसाठी बांधली. यात गणतंत्र मंडप आणि अशोक मंडप बघायला मिळतात. जुन्या पुस्तकांत यांची नावं दरबार हॉल आणि अशोक हॉल अशी आहेत. जुलै 2024 मध्ये ती बदलली.
- सर्किट 2: संग्रहालय.
- सर्किट 3: अमृत उद्यान, म्हणजे पूर्वीचं मुघल गार्डन. जानेवारी 2023 मध्ये नाव बदललं. हे मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडतं आणि प्रवेश मोफत असतो.

सर्किट 3 चं बुकिंग केलं म्हणजे आतली इमारत बघायला मिळेल असं नाही. 'राष्ट्रपती भवन' एवढंच वाचून बुकिंग करू नका, सर्किटचा नंबर बघा.

बुकिंगच्या स्टेप्स अशा:

1. पोर्टल उघडून सर्किट निवडा.
2. कॅलेंडरमध्ये तारीख आणि स्लॉट निवडा. स्लॉट म्हणजे आत जायची ठरलेली वेळ.
3. मोबाइल नंबर टाकून ओटीपी द्या.
4. प्रत्येक माणसाचं नाव आणि ओळखपत्राचा तपशील भरा. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. आधारवर 'रामदास' असेल आणि आपण सवयीने 'रामभाऊ' लिहिलं, तर तपासणीच्या वेळी अडचण होऊ शकते.
5. पैसे भरा. माणशी शुल्क किरकोळ असतं, ते पोर्टलवर दिसतं.
6. आलेला पास मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि एक प्रिंटही काढा.

कोणत्या गेटने आत जायचं ते पासवर लिहिलेलं असतं, रिक्षावाल्याला तेच सांगा. परिसर खूप मोठा आहे. चुकीच्या गेटवर उतरलात तर म्हाताऱ्या माणसाला बरंच चालावं लागतं.

दर शनिवारी सकाळी राष्ट्रपती भवनासमोर 'चेंज ऑफ गार्ड' म्हणजे रक्षक बदलाचा समारंभ होतो. त्याचंही बुकिंग याच पोर्टलवर आहे. घोडदळ आणि बँड असतो, मुलांना फार आवडतं.

3. संसद: खासदार कोणते, ते आधी बघा

नव्या संसद भवनाचं उद्घाटन 28 मे 2023 ला झालं. जुन्या इमारतीला आता संविधान सदन म्हणतात. नव्या इमारतीसाठी सागवान नागपूरहून गेलं होतं. आपल्या भागातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं.

अधिवेशन सुरू असताना प्रेक्षक गॅलरीत बसून कामकाज बघता येतं, पण त्यासाठी खासदारांच्या शिफारशीने पास लागतो. 13 डिसेंबर 2023 ला गॅलरीतून दोघांनी सभागृहात उडी मारल्यानंतर तपासणी कडक झाली आहे. त्यामुळे ऐनवेळी पास मागू नका, काही आठवडे आधी अर्ज द्या.

आता प्रश्न असा की अर्ज कोणाकडे द्यायचा? यवतमाळ जिल्हा तीन लोकसभा मतदारसंघांत विभागलेला आहे:

- यवतमाळ, राळेगाव, दिग्रस, पुसद: यवतमाळ-वाशिम लोकसभा
- वणी, आर्णी: चंद्रपूर लोकसभा
- उमरखेड: हिंगोली लोकसभा

ही विधानसभा मतदारसंघांची नावं आहेत. उदाहरणार्थ, पांढरकवड्याचा माणूस आर्णी मतदारसंघात येतो, म्हणून त्याचे खासदार चंद्रपूरचे. खात्री नसेल तर निवडणूक आयोगाच्या ॲपमध्ये मतदार ओळखपत्राचा नंबर टाका, मतदारसंघ दिसतो. खासदारांच्या कार्यालयाचा पत्ता, फोन आणि ईमेल संसदेच्या वेबसाइटवर सदस्यांच्या यादीत मिळतात.

अधिवेशनं साधारणपणे वर्षातून तीन होतात: अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी. तारखा जाहीर झाल्या की मगच अर्ज करा.

4. बाकीची ठिकाणं

- सर्वोच्च न्यायालय: शनिवारी मार्गदर्शकासोबत आतून बघता येतं, सुट्ट्यांचे शनिवार सोडून. न्यायालयाच्या वेबसाइटवर आधी नोंदणी करावी लागते. रक्षक बदलाचा समारंभही शनिवारी सकाळीच असतो, त्यामुळे दोन्हींच्या वेळा जुळतात का ते बघूनच बुक करा.
- प्रधानमंत्री संग्रहालय: 14 एप्रिल 2022 ला सुरू झालं. ऑनलाइन तिकीट मिळतं. किमान तीन तास हातात ठेवा.
- लाल किल्ला, कुतुब मिनार, हुमायूनची कबर: ही पुरातत्त्व खात्याची तिकिटं. गेटजवळ लावलेला क्यूआर कोड स्कॅन करूनही काढता येतात, रांगेत उभं राहायची गरज नाही. 15 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे.
- राष्ट्रीय युद्ध स्मारक: फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झालं. प्रवेश मोफत, इंडिया गेटला लागूनच. संध्याकाळी जा.

5. रेल्वे तिकीट: आता या

आता रेल्वेचं ॲप उघडायचं. नागपूरहून दिल्लीला तमिळनाडू, तेलंगणा, केरळ, ग्रँड ट्रंक अशा गाड्या आहेत. वर्धा ते कळंब ब्रॉडगेज फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, पण दिल्लीच्या गाडीसाठी आपल्याला नागपूर किंवा सेवाग्राम गाठणंच सोयीचं. वणीकरांना चंद्रपूर-बल्लारपूर बघता येईल.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. पूर्वी 120 दिवस होते.
- जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आयआरसीटीसी खातं आधारशी जोडलेलं लागतं. ऑक्टोबर 2025 पासून साधारण आरक्षण उघडल्यानंतरच्या पहिल्या काही वेळासाठीही हीच अट आली. आधार जोडणी आजच करून ठेवा. बुकिंगच्या दिवशी सकाळी ओटीपीची वाट बघत बसू नका.
- ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च 2020 मध्ये थांबली. पण लोअर बर्थसाठी वय बरोबर भरा, तो कोटा अजून आहे.

इथे एक प्रश्न येतो. रेल्वे 60 दिवस आधी उघडते, पण राष्ट्रपती भवनाच्या कॅलेंडरमध्ये ती तारीख तेव्हा दिसत नसेल तर काय करायचं? माझी पद्धत अशी: दिल्लीत किमान तीन पूर्ण दिवस मिळतील अशी गाडी निवडा, त्यात सोमवार नको. राष्ट्रपती भवनासाठी दोन संभाव्य दिवस डोक्यात ठेवा. कॅलेंडर उघडलं की पहिला दिवस घ्या, भरलेला असेल तर दुसरा.

नमुना वेळापत्रक:

- बुधवार: नागपूरहून प्रस्थान
- गुरुवार: पोचून आराम, संध्याकाळी इंडिया गेट आणि युद्ध स्मारक
- शुक्रवार: राष्ट्रपती भवन सर्किट 1, मग प्रधानमंत्री संग्रहालय
- शनिवार: रक्षक बदल किंवा सर्वोच्च न्यायालय, दुपारनंतर लाल किल्ला
- रविवार: कुतुब मिनार, राहिलेलं काही असेल तर ते (संग्रहालयं सुरू असतात), रात्री परत

6. खोट्या वेबसाइट कशा ओळखायच्या?

सर्चमध्ये वर दिसणारी लिंक अनेकदा जाहिरात असते. लिंकवर क्लिक करण्याआधी पत्ता वाचा, आणि तो उजवीकडून वाचा. पहिली तिरकी रेघ येते तिच्या अगदी डावीकडे काय आहे ते महत्त्वाचं. तिथे 'डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तर ती सरकारी साइट, कारण हे नाव फक्त सरकारी संस्थांना मिळतं. पण 'जीओव्ही' हा शब्द पत्त्यात मधेच कुठेतरी असेल आणि शेवटी 'डॉट कॉम' असेल, तर ती सरकारी नाही.

याला काही अपवाद आहेत. आयआरसीटीसीच्या शेवटी 'डॉट को डॉट इन', संसदेच्या शेवटी नुसतं 'डॉट इन' आणि दिल्ली मेट्रोच्या शेवटी 'डॉट कॉम' असतं. या साइटवर जाताना पत्ता स्वतः टाइप करा किंवा प्ले स्टोअरवरून अधिकृत ॲप घ्या.

पैसे कापले गेले पण तिकीट आलं नाही तर? आधी त्याच पोर्टलवर बुकिंग हिस्टरी बघा. नसेल तर थांबा. फसलेल्या व्यवहाराचे पैसे सहसा काही दिवसांत आपोआप परत येतात. गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधून फोन करू नका, खरी फसवणूक तिथेच होते. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर तक्रार करा.

7. निघण्याआधीची यादी

- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र. डिजिलॉकरमध्येही ठेवा, पण फोनची बॅटरी संपू शकते.
- सगळ्या क्यूआर तिकिटांचे स्क्रीनशॉट. नेटवर्क नसलं तरी ते चालतात. व्हॉट्सॲप स्टेटसला तिकीट टाकू नका. त्या कोडचा फोटो घेऊन दुसरा कोणी आधी आत गेला तर तुमचं तिकीट वापरलेलं दाखवेल.
- दिल्लीचा नकाशा गुगल मॅप्समध्ये ऑफलाइन डाउनलोड करा.
- मेट्रोचं तिकीट अधिकृत ॲपवर किंवा व्हॉट्सॲपवर निघतं. राष्ट्रपती भवन भागासाठी केंद्रीय सचिवालय, लाल किल्ल्यासाठी लाल किला आणि कुतुबसाठी कुतुब मिनार अशी स्टेशनं आहेत.
- सामान कमी ठेवा. मोठ्या बॅगा घेऊन सरकारी इमारतीत जाता येत नाही.

दिल्ली लांब वाटत असेल तर पांढरकवड्याहून सरळ महामार्गाने हैदराबाद गाठता येतं. तिथलं राष्ट्रपती निलयम मार्च 2023 पासून जवळपास वर्षभर लोकांसाठी खुलं आहे. बुकिंग त्याच पोर्टलवर होतं, आणि सोमवारी तेही बंद!

दुसऱ्या खेपेला काका गणतंत्र मंडपात गेले. तिथल्या गुप्तकालीन बुद्धमूर्तीसमोर बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "पुस्तकातल्या चित्रात हे काहीच दिसत नव्हतं." तुमच्याही घरी असं कोणी असेल तर आज कॅलेंडर उघडा. तिकीट नंतर काढा.