मिल्स कॉलेजची गोष्ट आणि आपली छोटी कॉलेजं

कॉलेज बंद पडलं की मोर्चा निघतो, पहिल्या पानावर बातमी होते. तेच कॉलेज मोठ्या विद्यापीठात विलीन झालं तर चार ओळींची प्रेसनोट येते आणि आतल्या पानावर जाते. म्हणून आज एका विलीनीकरणाची गोष्ट जरा सविस्तर लिहितोय. कॉलेज अमेरिकेतलं आहे, पण आपल्या मिरजेला अगदीच परकं नाही. का, ते पुढं येईल.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या दुसऱ्या काठावर ओकलंड शहर आहे. तिथलं हे मिल्स कॉलेज. 1852 साली बेनिशिया नावाच्या गावात मुलींची शाळा म्हणून सुरू झालं. 1865 मध्ये सायरस आणि सुसान मिल्स या नवरा-बायकोनं ती शाळा विकत घेतली, 1871 मध्ये ओकलंडला आणली. 1885 पासून ते रीतसर कॉलेज झालं. फक्त मुलींचं.

शिक्षण 'लिबरल आर्ट्स' पद्धतीचं. आपल्याकडं अकरावीला एकदा साइड घेतली की विषय संपला. तिथं पदवीच्या चार वर्षांत एकच मुलगी गणित, तत्त्वज्ञान, संगीत असं सगळं चाखते आणि मग त्यातला एक मुख्य विषय धरते. वर्ग लहान. शिकवणारे प्रत्येकीला नावानं ओळखणार. मिल्सचं खरं भांडवल हेच होतं.

आता मिरजेचा धागा. मिल्सचा संगीत विभाग जगभर नावाजलेला. पदव्युत्तर वर्गात मुलगेही असायचे. जॅझवाले डेव्ह ब्रूबेक तिथंच शिकले. आणि 1973 पासून दहाएक वर्षं तिथं पंडित प्राणनाथ शिकवत होते. किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे ज्यांची कबर आपल्या मिरजेत आहे त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्याच घराण्याचं गाणं ओकलंडच्या मुलामुलींपर्यंत पोचलं होतं. पटसंख्या मोजणाऱ्या कॉलेजात असं काही सहसा घडत नाही.

पण पटसंख्येनंच घात केला. 1960 च्या सुमारास अमेरिकेत मुलींची दोनशेहून जास्त कॉलेजं होती. पुढं मोठमोठी विद्यापीठं मुलींना दारं उघडत गेली आणि ही कॉलेजं एकेक करून मिटली किंवा मुलगे घेऊ लागली. 3 मे 1990 रोजी मिल्सच्या विश्वस्तांनीही मुलगे घ्यायचं ठरवलं. मुलींनी इमारतींची दारं अडवली, कामकाज बंद पाडलं. माजी विद्यार्थिनींनी निधी उभा करायचा शब्द दिला, प्राध्यापक जादा तास घ्यायला तयार झाले. दोन आठवड्यांत विश्वस्तांनी निर्णय मागं घेतला.

इतका मोठा विजय. पण विजयानं गल्ला भरत नाही. 2017 मध्ये कॉलेजनं आर्थिक आणीबाणी जाहीर केली, कायम नोकरीतले प्राध्यापकसुद्धा कमी केले. पुढच्या वर्षी फी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरवली. तरी विद्यार्थिसंख्या हजाराच्या आतच. मार्च 2021 मध्ये जाहीर झालं की त्या वर्षीनंतर पहिल्या वर्षाला प्रवेश नाहीत. माजी विद्यार्थिनी कोर्टात गेल्या, हिशेब मागितले. पण आता उशीर झाला होता. 2022 च्या उन्हाळ्यात मिल्स हे बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विलीन झालं. बॉस्टन म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, चार हजार किलोमीटरहून लांब.

मग राहिलं काय? नाव राहिलं. कॅम्पस राहिला. 1906 च्या भूकंपात न पडलेला घंटेचा मनोराही उभाच आहे. मुलगे-मुली दोघंही शिकतात, बरीच नवी मुलं एखादं वर्ष तिथं काढून बॉस्टनला जातात.

मधल्यामध्ये सापडल्या त्या विद्यार्थिनी. प्रवेश एका कॉलेजात घेतला, पदवीवर नाव दुसऱ्याचं. कुणी मुद्दाम मुलींचं कॉलेज म्हणून आली होती, कुणी विशिष्ट विषयासाठी आणि तो विषयच नव्या व्यवस्थेत बसेना. आम्हाला सांगितलं एक आणि झालं भलतंच, अशी तक्रार घेऊन काहीजणी कोर्टात गेल्या.

विलीनीकरण वाईटच, असं माझं म्हणणं नाही. टाळं लागण्यापेक्षा ते बरंच. पण नाव आणि इमारत वाचली म्हणजे कॉलेज वाचलं, हे काही खरं नाही.

हे आत्ता का लिहितोय? 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलंय की 2040 पर्यंत प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेनं बहुविद्याशाखीय होऊन 3000 किंवा जास्त विद्यार्थ्यांचं ध्येय ठेवावं. मुंबईत 2019 मध्येच एल्फिन्स्टनसह चार जुन्या सरकारी संस्था एका समूह विद्यापीठाखाली आल्या. आता आपल्या तालुक्यातलं आर्ट्सचं कॉलेज डोळ्यासमोर आणा. तीन हजार सोडा, कित्येक ठिकाणी बीए तृतीय वर्षाला एका बाकावर एक मूल बसतं. उद्या तिथंही 'विलीनीकरण' हा शब्द येणारच.

तो येईल तेव्हा चार गोष्टी लेखी मागा. आत्ता शिकणाऱ्या मुलांची पदवी कुणाची? त्यांचे विषय शेवटपर्यंत कोण शिकवणार? सीएचबीवरच्या प्राध्यापकांचं काय? आणि संस्थेची जमीन कुणाच्या नावावर जाणार? या उत्तरांआधी सत्काराचे हार आणू नका.

आणि हिशेब आजपासून मागा. मिल्सच्या मुलींची 1990 ची लढाई खरी होती, पण त्यानंतरची तीस वर्षं ताळेबंदावर कुणाचं लक्ष होतं?

तुम्ही शिकलात त्या कॉलेजात यंदा आर्ट्सला किती प्रवेश झालेत? माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा. माहीत नसेल तर या आठवड्यात ऑफिसात जाऊन विचारा.