दुचाकीच्या चाकांवरील ब्रेकची भुकटी : स्वच्छता आणि दक्षता

डिस्क ब्रेक असलेल्या मोटारसायकलीच्या पुढच्या चाकावर, विशेषतः रिमच्या कडेला आणि आऱ्यांच्या मुळाशी, काही दिवसांतच करडी-काळपट भुकटी साचते. ही रस्त्यावरची धूळ नव्हे. नुसते पाणी मारल्याने ती पूर्णपणे निघत नाही आणि बोटावर घेऊन चोळल्यास काळा डाग उमटतो. ब्रेक पॅड आणि डिस्क, म्हणजेच चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती, यांच्या घर्षणातून ती निर्माण होते. बहुतेक वाहनधारक तिच्याकडे केवळ चाकाच्या शोभेचा प्रश्न म्हणून पाहतात. परंतु ती काढण्याच्या काही रूढ पद्धती गॅरेजमधील कारागिराच्या फुप्फुसांना आणि चालकाच्या जिवाला अपायकारक ठरू शकतात.

भारतातील दुचाकींना दीर्घकाळ प्रामुख्याने ड्रम ब्रेकच असत. ड्रम बंदिस्त असल्याने त्यातील भुकटी आतच साचते आणि चाक उघडेपर्यंत दृष्टीस पडत नाही. १९९९ मध्ये आलेली हीरो होंडा सीबीझेड, २००१ मध्ये आलेली बजाज पल्सर यांसारख्या गाड्यांनंतर पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असणे हळूहळू नित्याचे झाले. १२५ घनसेंटिमीटरहून अधिक क्षमतेच्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस यंत्रणा बंधनकारक करण्यात आल्यानंतर डिस्क ब्रेकचा प्रसार आणखी वाढला. डिस्क उघडी असते. त्यामुळे झिजलेले कण थेट चाकावर उडतात.

मोटारगाडीची चकती सामान्यतः बिडाच्या लोखंडाची असते, तर मोटारसायकलीची बहुधा स्टेनलेस स्टीलची. म्हणूनच दुचाकीच्या चाकावरील भुकटीत पॅडच्या झिजेचा वाटा मोठा असतो. रेझिनने सांधलेल्या, तंतुमिश्रित ऑरगॅनिक पॅडची भुकटी वेगळी आणि धातूची पूड दाबून व तापवून घडविलेल्या सिंटर्ड पॅडची वेगळी. ब्रेक लावताना हे कण तापलेले असतात. त्यांतील लोहकण रिमच्या रंगाला चिकटतात, ओलावा लागताच गंजतात आणि नारिंगी ठिपके उमटतात. कोकण, गोवा वा मुंबईसारख्या खाऱ्या हवेच्या प्रदेशात पावसाळ्यात महिनाभर चाक न धुतल्यास हे ठिपके पुढे सहजासहजी निघत नाहीत.

स्वच्छतेस आरंभ करण्यापूर्वी चाकावरील काळेपणा नेमका कशाचा आहे, हे पाहून घ्यावे. मागच्या चाकावरील चिकट, तेलकट शिंतोडे बहुधा साखळीच्या वंगणाचे असतात. ब्रेकची भुकटी कोरडी असते. नवे पॅड बसविल्यावर सुरुवातीचे काही दिवस ती अधिक पडते आणि त्यात चिंतेचे कारण नाही. मात्र जुन्याच पॅडवर ती एकाएकी वाढली, तर कॅलिपरमधील पिस्टन अडकून पॅड चकतीला सतत घासत असण्याची शक्यता असते. चाक जमिनीपासून उचलून हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल किंवा थोड्याशा प्रवासानंतरही चकती अवाजवी तापत असेल, तर गाडी तातडीने दाखवावी. पॅडवरील झीजदर्शक खाच नाहीशी झाली असल्यास चाक धुण्याआधी पॅड बदलणे श्रेयस्कर.

चाक धुण्याची रीत अवघड नाही. गाडी सावलीत उभी करून चाक आणि चकती पूर्ण थंड होऊ द्यावी. प्रथम पाण्याची संथ धार सोडून सुटी भुकटी वाहून जाऊ द्यावी. कोरड्या फडक्याने पुसल्यास तेच कण रंगावर चरे पाडतात. त्यानंतर गाडी धुण्याचा सौम्य शाम्पू आणि मऊ ब्रश वापरावा. आऱ्यांच्या सांध्यांसाठी जुना टूथब्रश उत्तम. रुतलेल्या लोहकणांसाठी बाजारात खास द्रावणे मिळतात. लोहाशी संयोग होताच ती जांभळी होतात. ती चाकावर वाळू न देता काही मिनिटांतच भरपूर पाण्याने धुऊन टाकावीत. त्यांचा वास उग्र असल्याने काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच करावे. फरशी साफ करण्याचे आम्ल मात्र चाकाला कदापि लावू नये. ॲल्युमिनियम काळवंडते आणि क्रोमचा मुलामा उडतो. उच्च दाबाच्या पाण्याची धार चाकाच्या बेअरिंगवर किंवा एबीएसच्या सेन्सरवर रोखून धरू नये.

खरी चूक धुण्यानंतर होते. चकाकीसाठी गाडीवर डिझेल किंवा रॉकेलमिश्रित तेल फवारण्याची पद्धत अनेक वॉशिंग सेंटरवर आढळते. ड्रम ब्रेकच्या काळात ती बरीचशी निभावून गेली. डिस्कवर मात्र तेलाचा पातळ थर बसला तरी ब्रेकची पकड घटते आणि पॅडमध्ये मुरलेले तेल पुसून निघत नाही. साखळीवर वंगण फवारतानाही मागची चकती झाकून घेणे आवश्यक आहे. चकतीला तेल लागलेच, तर ती ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसावी आणि तेल शोषलेले पॅड बदलावेत. पैसे वाचविण्याची ही जागा नव्हे. धुतल्यानंतर ओल्या चकतीवर पहिला ब्रेक कमी लागतो. यास्तव रहदारीत शिरण्यापूर्वी कमी वेगात दोन-चार वेळा हलकेच ब्रेक लावून पाहावा.

ड्रमच्या बाबतीत गॅरेजमध्ये एक दृश्य नेहमीचे आहे. चाक उतरवले जाते, कॉम्प्रेसरच्या हवेने आतील भुकटी उडविली जाते आणि ढग विरण्याआधीच कारागीर कामाला लागतो. ही सवय सर्वाधिक घातक आहे. पूर्वी ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉसचा सर्रास वापर होत असे. ॲस्बेस्टॉसमुळे कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झाले असून रोगाची लक्षणे कित्येक दशकांनी प्रकट होतात. ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जतन कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला होता. युरोपीय संघात ॲस्बेस्टॉसवर २००५ पासून बंदी आहे. भारतात त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही. नामांकित कंपन्यांच्या पॅडवर ॲस्बेस्टॉसविरहित असल्याचा उल्लेख असतो. जुन्या गाडीत किंवा सुट्या, बिननावाच्या ब्रेक शूमध्ये काय आहे, हे मात्र डोळ्यांनी ओळखता येत नाही. तेव्हा ड्रममधील भुकटी फुंकून वा हवा मारून उडवू नये. ती पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून ओल्या फडक्याने टिपावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. आपल्या गाडीचे काम चालू असताना ग्राहकानेही हा आग्रह धरण्यास हरकत नाही. त्यासाठी लागतात फार तर पाच मिनिटे.

ॲस्बेस्टॉस नसले तरी ब्रेकमधील सूक्ष्म कण हवेत मिसळतातच. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या युरो ७ नियमांत ब्रेकमधून बाहेर पडणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली आहे. पेट्रोल वा डिझेलवर चालणाऱ्या प्रवासी मोटारींसाठी ती सुरुवातीला दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, तर विजेवरील मोटारींसाठी ३ मिलिग्रॅम आहे. दुचाकींना हे नियम लागू नाहीत.