‘प्लीज राइज द इनव्हॉइस’

पालकहो, पोस्ट थोडी लांब झालीय. मुलांचे डबे भरून झाले की निवांत वाचा.

इथे स्प्रिंगफील्ड लेक्सला आलो त्या वर्षी मी एका क्लायंटला ईमेल पाठवला, ‘प्लीज राइज द इनव्हॉइस’. साहेबांनी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं: राइज नाही, रेझ. सीए होऊन दहा वर्षं झाली होती हो माझी! घरी आले आणि ठरवलं, लेकीशी आजपासून फक्त इंग्रजी. मराठी मध्ये तडमडते ना!

हा हिशोबच चुकला. कसा ते सांगते.

राइज म्हणजे स्वतः उठणं, रेझ म्हणजे दुसऱ्याला उठवणं. सिट बसणं, सेट बसवणं. लाय निजणं, ले निजवणं. फॉल पडणं, आणि झाड ‘फेल’ करतात ते पाडणं (नापास नव्हे!). आपल्याला शाळेत प्रयोजक क्रियापदं होती, तीच ही. आणि हे साम्य योगायोगाचं नाही. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं. इंग्रजीही त्याच घराण्यातली. मूळ भाषेत ‘करायला लावणं’ दाखवणारा एक प्रत्यय होता. संस्कृतात तो पातयति मध्ये दिसतो, त्यातूनच आपलं पाडणे. इंग्रजीत तो प्रत्यय झिजून गेला, जाताना आतला स्वर तेवढा बदलून गेला. त्यामुळे जोड्या ओळखू येईनाशा झाल्या. त्यात लायचा भूतकाळ पुन्हा ‘ले’च! इथे पार्कमध्ये ऐका, कुत्र्याला ‘ले डाउन’ म्हणणारे कितीतरी ऑसी भेटतील.

माझी लाडकी जोडी ड्रिंक आणि ड्रेंच. ड्रेंच म्हणजे मुळात पाजणं, चिंब भिजवणं नंतरचं. इथले शेतकरी मेंढ्यांना जंतांचं औषध तोंडातून देतात, त्याला अजून ड्रेंचच म्हणतात.

लेकीला लाय-ले अडलं तेव्हा ‘निजणे-निजवणे’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तोवर तिची मराठी बंद होऊन चार वर्षं झाली होती.

आता ती नऊ वर्षांची आहे, आम्ही पुन्हा सुरू केलंय. परवा आजीला फोनवर सांगत होती, “मी मांजरीला दूध पिववलं.” आजी हसून हसून बेजार. मी मात्र खूश, कारण तो ‘व’ तिला कोणी शिकवलेला नव्हता. ‘पाजलं’ म्हणतात, ते सांगेन सावकाश.