चिंक्वे तेर्रे

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील लिगुरिया विभागातला पाच गावांचा प्रदेश. माँतेरोस्सो, वेर्नात्सा, कॉर्नील्या, मानारोला व रिओमाज्जोरे ही ती गावे. १९९७ पासून जागतिक वारसास्थळ. समुद्रात उतरणाऱ्या उभ्या डोंगरावर शेतकऱ्यांनी शतकानुशतके चुन्याविना दगड रचून पायऱ्यांची शेते बांधली. इथले खरे शिल्प हेच. त्यांवर बॉस्को, अल्बारोला व व्हेर्मेन्तीनो ही द्राक्षे पिकतात. घड सुकवून केलेली ‘शाक्केत्रा’ ही गोड वाइन विख्यात आहे. मळे ओस पडून हे दगडी बांध ढासळले की उतार खचतो, म्हणून द्राक्षमळे टिकणे हा गावांच्या जिवाचा प्रश्न आहे. कवी एउजेनिओ मोन्ताले (नोबेल, १९७५) यांचे लहानपणीचे उन्हाळे माँतेरोस्सोत गेले. त्यांच्या ‘ऑस्सी दि सेप्पिया’ (१९२५) या संग्रहातला रखरखीत, खारा निसर्ग इथलाच.